मगदूमबाईंचे खोटे शेतकरी

मगदूमबाईंच्या पर्समध्ये कायम एक खडू असायचा. आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत खडूला बंदी होती. धूळ यंत्रात जाते म्हणून चपला बाहेर, उदबत्ती बाहेर, दसऱ्याच्या पूजेचा भंडारासुद्धा उंबऱ्याबाहेर. पहिल्याच दिवशी शिंदे नावाच्या ऑपरेटरनं बाईंच्या हातातला खडू पाहिला आणि तो साप पाहिल्यासारखा ओरडला, "बाई, तेवढं न्हाय हं! लाखाचं मशीन हाय." बाईंनी खडू पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. पुढं तो तिथंच राहिला.

मी तेव्हा शेती खात्यात हिशेबनीस होतो. कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या दिवशी किती ऊस लावला, त्याची नोंद माझ्याकडं. त्या नोंदीवरून तोडणीचा क्रम लागायचा आणि क्रमाप्रमाणे तोडचिठ्ठी निघायची. चिठ्ठी आली की तोडणीवाल्यांची टोळी येते, टोळी आली की ऊस जातो. चिठ्ठी उशिरा आली तर ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं आणि माणूस आमच्या दारात येऊन शिव्या घालतो. हा क्रम माणसांच्या हातून काढून कॉम्प्युटरकडं द्यायचं संचालक मंडळानं ठरवलं, आणि ते काम करायला एका मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई उसन्या आणल्या.

उसन्या म्हणजे खरोखर उसन्या. बाईंनी सुट्टीत पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं, हे आमच्या चेअरमनांना कळलं. ते शाळेच्याही मंडळावर होते. शाळेनं बाईंची जागा दोन वर्षं राखून ठेवायची, तिसऱ्या वर्षी जूनला त्या हजर झाल्या नाहीत तर जागा कायमची भरायची. आणि कारखान्यानं बाईंना कधी सोडायचं? तर काम बिनचूक झालं असा दाखला द्यायचा, मग. दाखला कोण देणार? त्या कामातलं कळणारं कारखान्यात दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून दाखलाही बाईंनीच द्यायचा. कागद वाचला तेव्हा मला ही फार सोयीची अट वाटली होती.

बाईंचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. मी विचारलं नाही, आणि ज्याची खात्री नाही तो आकडा मी लिहीत नाही. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. आईला अव्वा म्हणायच्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं," एवढंच, पेन्सिल हरवली असं सांगावं तशा सुरात. उंच, सावळ्या, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या गारठलेल्या खोलीत बाई भर मे महिन्यात शाल पांघरून बसायच्या. खोलीच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या. दाराला रबर होतं आणि वर पाटी, 'दार लावा'. आत बसलं की बाहेर ऊन आहे का पाऊस, सकाळ आहे का संध्याकाळ, काही कळायचं नाही. आम्हा सगळ्यांचा जीव ज्या मळीच्या वासानं कावायचा, तो वासही आत यायचा नाही. बाई मधूनच उठून दार उघडायच्या आणि उंबऱ्यात उभ्या राहायच्या. शिंदे लगेच, "बाई, गारवा जातोय." त्या म्हणायच्या, "जाऊ दे की. कुणीतरी जाऊ दे इथनं."

बाईंची कामाची रीत मी सांगतो, कारण बाई म्हणजे ती रीतच.

क्रम लावायचा प्रोग्राम त्यांनी एक अखंड लिहिला नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे केले. एक तुकडा फक्त उसाचं वय काढणार. एक फक्त उसाची जात पाहणार. एक क्रम लावणार, एक चिठ्ठी छापणार. आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याला जोडण्याआधी एकटा उभा करून तपासायचा. शाळेत पोरींना गणित सुटल्यावर ताळा करायला लावायच्या ना, तसा प्रत्येक तुकड्याचा वेगळा ताळा.

तपासायला खरे शेतकरी घ्यायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. खऱ्या शेतकऱ्यांचं उत्तर आपल्याला ठाऊक नसतं, म्हणायच्या. "उत्तर आधी माहीत नसेल तर तपासलं म्हणू नका, सबनीस. नुसतं बघितलं म्हणा."

म्हणून त्यांनी दहा खोटे शेतकरी जन्माला घातले. त्यांचं गाव कागदवाडी. त्यांची फ्लॉपी वेगळी, तिच्यावर लाल पट्टी. खऱ्यांच्या फ्लॉपीवर हिरवी. दहा जणांची उत्तरं मी हातानं काढून द्यायची, तेवढंच माझं काम. पहिला सरळ पाटील, ज्याचं सगळं सरळ: एक शेत, एक जात, नीट तारीख. दुसरा शून्य सावंत, ज्याच्या नावावर शून्य गुंठे. मग एकाच नावाचे दोन रामा. दोन गावांत शेत असलेला दादू. मयत मारुती, ज्याची चिठ्ठी वारसाच्या नावानं निघायला हवी. असेच आणखी तिघं. आणि एकोणतीस आप्पा, ज्यानं ऊस लावला एकोणतीस फेब्रुवारीला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"माझ्या वर्गात एक मुलगी होती त्या तारखेची. दरवर्षी तिचं वय मांडताना शाळेचा कारकून रडकुंडीला यायचा. कारकुनाला जे जमलं नाही ते मशीनला जमतं का बघू."

तुकडा बदलला की दहाही जण पुन्हा रांगेत. बदल एवढासा असला तरी. बाकीचे तुकडे बदललेले नसले तरी. माझं उत्तर आणि मशीनचं उत्तर जुळलं तर कागदावर एक टिंब छापून यायचं, नाही तर फुली. बाई 'चूक' हा शब्द वापरत नसत. "जुळलं नाही," म्हणायच्या, आणि पेन्सिलीचं मागचं टोक दातांत धरायच्या. दहा टिंबं सलग आली की पर्समधून शेंगा-गूळ निघायचा. तो मात्र दाराबाहेर जाऊन खायचा.

त्या दहा जणांची आम्हाला इतकी सवय झाली की बसमध्येसुद्धा त्यांचीच चर्चा. शिंदे म्हणायचा, "आज मारुती लई तरास द्यालाय." शेजारच्या सीटवरचा नवा माणूस हळहळून विचारायचा, "काय, आजारी हाईत व्हय?" शिंदे म्हणायचा, "न्हाय वो, मेलाय त्यो."

पहिल्या गळीत हंगामात नुसता चिठ्ठी छापायचा तुकडा खरोखर वापरायला काढला होता. एक दिवस गणपतमामा आले. ते स्लिपबॉय, म्हणजे तोडचिठ्ठ्या गावोगाव पोचवणारे. पदाच्या नावात बॉय, वय पन्नाशीच्या पुढं. सायकल दाराला टेकवून, चपला न काढता ते थेट आत आले आणि त्यांनी टेबलावर चिठ्ठ्या आपटल्या.

"बाई, ही कागदवाडी कुठं हाय?"

बाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या. सरळ पाटील, दादू आणि मयत मारुतीचे वारस.

"नेसरीपातूर गेलतो. कोण म्हणतंय चंदगडाकडं बघा, कोण म्हणतंय धरणाखाली गेली. पोस्टमन म्हणाला, पावणं, असं गावच न्हाय. मी म्हणलं, कारखान्याची चिठ्ठी हाय, गाव असल्याबिगर निघती व्हय? आन् मागनं टोळी निघालीया गाड्या जुपून!"

शिंदेचा चेहरा उतरला. त्यानं हिरव्या पट्टीची समजून लाल पट्टीची फ्लॉपी घातली होती. मी मान खाली घातली, हसू येत होतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी टोळी परत बोलवायला माणूस पाठवला, मग गणपतमामांना चहा सांगितला आणि म्हणाल्या, "मामा, चूक शिंद्यांची नाही. दोन्ही फ्लॉप्या एकाच कपाटात ठेवल्या, ते माझं." दुसऱ्या दिवसापासून खोट्यांचं कपाट वेगळं, किल्ली बाईंच्या पदराला. शिवाय कागदवाडीचं नाव दिसलं की चिठ्ठी छापायचीच नाही, असा एक तुकडा वाढवला. आणि त्या तुकड्याचाही ताळा.

मामा मात्र पुढं कितीतरी दिवस दारातनं डोकं घालून विचारायचे, "कागदवाडीत सगळी बरी न्हवं?"

दुसरं वर्ष संपत आलं. शाळेची राखीव मुदत जूनपर्यंत. फेब्रुवारीपासूनच बाईंच्या बोलण्यात शाळा यायला लागली. नववी 'ब' मिळाली पाहिजे, वरच्या मजल्यावरची, तिथनं रंकाळ्याची बाजू दिसते. खिडक्यांबद्दल त्या फार बोलायच्या. आमची स्टाफची बस रोज सकाळी त्याच शाळेवरून जायची. बाई डावीकडच्या सीटवर बसायच्या आणि बस वळेपर्यंत तिकडं बघत असायच्या. मुली ओळखून हात करायच्या. "जूनला येते!" बाई खिडकीतून ओरडायच्या. सगळी बस ऐकायची.

तुकडे एकेक करून पुरे झाले होते. वय काढायचा तुकडा तेवढा शेवटचा, कारण त्याचे नियम शेती अधिकाऱ्यांनी वारंवार बदलले. मे महिन्यात तोही झाला. बाईंनी दहा जणांना रांगेत उभं केलं. आम्ही प्रिंटरकडं बघत उभे. टिंब, टिंब, टिंब. शिंदेनं शेंगांची पुडी हातात धरूनच ठेवलेली.

एकोणतीस आप्पाच्या जागी फुली.

मशीननं त्याचं वर्ष पुरं होण्याची तारीख काढली, पुढच्या वर्षीचा एकोणतीस फेब्रुवारी. अशी तारीख नसते म्हणून ती खोटी ठरवली, वय शून्य धरलं आणि आप्पाला रांगेच्या शेवटी टाकलं. सगळ्यात जुना ऊस, सगळ्यात शेवटी तोड.

बातमी एम.डी. साहेबांपर्यंत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले, आवाज मोठा, मन साफ. ते स्वतः चपला काढून आत आले.

"काय बाई, अडलं कुठं?"

बाईंनी सांगितलं.

"सबनीस, यंदा त्या तारखेची नोंद हाय का कुणाची?"

मी आधीच पाहून ठेवलं होतं. त्या वर्षी सुरू हंगामातल्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या लागणीची नोंद कारखान्यानं फेब्रुवारीच्या मध्यावरच बंद केली होती. "एकही नाही, साहेब."

"मग झालं तर! पुढची असली तारीख चार वर्सांनी. तवर तुमी शाळेत, मी घरात, आन् मशीन भंगारात. करा सही." त्यांनी दाखल्याचा कागद टेबलावर ठेवला. टाइप करून आणलेला होता. 'सर्व भाग तपासले असून बिनचूक आहेत.' खाली बाईंचं नाव. "दार उघडं हाय बाई तुम्हाला. कोण अडवतंय?"

बाईंनी पेन उघडलं. खरंच उघडलं, मी पाहिलं. कागद पुढं ओढला, वाचला, पुन्हा वाचला.

"साहेब, 'सर्व' हा शब्द काढता येईल?"

"मंडळाचा ठराव हाय तसा. 'सर्व'च पायजे. न्हाय तर सोडता येत न्हाय."

"मग नाही करत."

"अहो बाई, एका खोट्या माणसापायी? जो न्हाईच?"

"आप्पा खोटा आहे साहेब, फुली खरी आहे." मग खालच्या आवाजात, "ह्याच्यावर सही करून मी जूनमध्ये फळ्यापुढं उभी राहणार. पोरींना सांगणार, ताळा करा. कुठल्या तोंडानं सांगू?"

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. दारापाशी जाऊन वळले. "तुमाला कोंडून घातलंय असं बाहेर म्हणू नका हं, बाई. कडी तुमीच लावलीया."

"माहीत आहे की," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, दोनचार दिवसांचं काम. बाईंनाही तसंच वाटलं असावं. पण आधी शेती अधिकाऱ्यांनी ठरवायला हवं होतं की आप्पाचं वर्ष अठ्ठावीसला पुरं धरायचं की एक मार्चला. ते रजेवर. ते आले, त्यांनी अठ्ठावीस म्हटलं. बाईंनी बदल केला, आप्पाचं टिंब आलं आणि सरळ पाटलाची फुली झाली. दोन वर्षांत ज्यानं कधी त्रास दिला नाही, तो सरळ पाटील! महिन्यांच्या दिवसांचा जो तक्ता बदलला होता, तोच दुसरे दोन तुकडेही वापरत होते. ते सोडवलं तर दोन रामांची अदलाबदल झाली. मशीन मोकळं मिळायचं तेही फक्त दुपारी. सकाळभर त्यावर बिलं आणि पगार. बाई सकाळभर शाल पांघरून कागदावर खोडत बसायच्या आणि दुपार झाली की दहा जणांना हाक मारायच्या. शिंदे एकदा चिडून म्हणाला, "बाई, फक्त आप्पाला बघा की, बाकीच्यांना कशाला उठवताय रोज?" बाई म्हणाल्या, "बाकीच्यांना उठवलं नसतं तर पाटील कळला असता का?" बाईंना ते उत्तर दिल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

बाईंनी शाळेला आठ दिवस मागितले. शाळेनं दिले. पुन्हा मागितले, तेव्हा मुख्याध्यापिका स्वतः कारखान्यात आल्या, पण खोलीत आल्या नाहीत. गारठा सोसत नाही म्हणाल्या. दोघी उंबऱ्यावर बोलल्या, एक आत, एक बाहेर. मी जागेवरून फक्त बाईंची पाठ पाहिली.

शाळा उघडली त्या सकाळी आमची बस नेहमीसारखी तिथून गेली. बाई त्या दिवशी उजवीकडच्या सीटवर बसल्या. मुलींनी हात केले, डावीकडं. शिंदे उगीचच मोठ्यानं म्हणाला, "यंदा पोरी लई झाल्यात न्हाय?"

दहा टिंबं सलग आली तेव्हा नववी 'ब' दुसऱ्या बाईंना देऊन झाली होती. बाईंनी दाखल्यावर सही केली, 'सर्व' या शब्दासकट. एम.डी. साहेबांनी कागद घेतला. "आता मोकळ्या झालात. कुठं जाणार?" बाई म्हणाल्या, "तेच बघतेय." साहेब म्हणाले, "इथंच राहा की. पगार वाढवून देतो." दुसरी शाळा त्या वयात कायम घेईना. बाई राहिल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "सबनीस, एक नवा शेतकरी घ्या. उत्तर काढून द्या." कागदावर मुद्दे नेहमीसारखे नीट. गाव कागदवाडी. एक शेत. नाव लिहिलं होतं, 'बाई मगदूम'. लागणीची तारीख जूनमधली, शाळा उघडली तो दिवस.

मी कागद घेऊन जागेवर बसलो. जूनमध्ये उसाची लागण कारखाना नोंदवतच नाही, पावसाळ्यातली आडसाली लागणही जुलैपासूनच. काढायला काही हिशेब नव्हताच. तरी मी थोडा वेळ पेन्सिल फिरवत बसलो.

"याची चिठ्ठी निघत नाही, बाई," मी सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. नोंदच होत नाही."

"मग तसंच लिहा. हा मुद्दा राहिलाच होता तपासायचा."

दुपारी अकरा जण रांगेत उभे राहिले. अकराव्याची चिठ्ठी मशीननं काढली नाही. कागदावर टिंब आलं. बाई म्हणाल्या, "जुळलं," आणि शेंगा-गूळ काढला.

त्यानंतर माझी बदली डिस्टिलरीकडं झाली आणि त्या खोलीशी संबंध तुटला. चार वर्षांनी पुन्हा तसला फेब्रुवारी आला. त्या वर्षी नोंद मार्चपर्यंत चालू ठेवली होती, तेव्हा त्या तारखेची लागण नोंदवणारे निघाले. वर्षानं त्यांच्या चिठ्ठ्या आपापल्या जागी निघाल्या, टोळ्या गेल्या, ऊस गेला. बरोबर झालेलं कुणाच्या लक्षात येत नाही. आलं ते माझ्या. गणपतमामांकडून खात्री करून घेतली आणि बाईंना सांगायला गेलो.

खोलीबाहेरच्या व्हरांड्यात एक फळा टांगला होता. आत खडू चालत नाही म्हणून बाईंनी अर्ज करून तो बाहेर मिळवला होता. त्याच्यापुढं स्टुलांवर नवीन भरती झालेली दोन मुलं वह्या घेऊन बसलेली, आणि बाई शाल काढून, उन्हाच्या पट्ट्यात उभ्या. बोटं पांढरी. केस बरेच पिकलेले. आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंतचा. बाक नव्हते तरी.

"मशीनला विचारायच्या आधी तुम्ही सांगा. उत्तर काय यायला पाहिजे?"

मुलांनी वह्यांत पाहिलं.

"सांगा की. आप्पाचा ऊस कधी तुटायला पाहिजे?"

मी खांबाशी थांबलो. मध्येच बोलावं असं वाटेना. तेवढ्यात आतून शिंदेनं हाक दिली, "बाई, मशीन मोकळं झालंय." बाईंनी शाल उचलली, हात पदराला पुसले आणि दोन्ही मुलांना पुढं घालून त्या आत गेल्या. दार रबरावर बसल्याचा तो जाड आवाज झाला.

फळ्यावर दहा टिंबं होती, आणि जरा अंतर सोडून अकरावं. खाली कोपऱ्यात, शाळेत तास संपताना लिहून ठेवतात तसं, चौकट करून लिहिलं होतं: पुसू नये.